'ऊन', 'उष्ण' आणि 'औष्णिक' : भूगर्भातील उष्णतेविषयीच्या मराठी लेखनाची चिकित्सा

शास्त्रीय विषयावरील मराठी लेखनाचे परीक्षण बहुधा दोघेजण करतात. शास्त्रज्ञ त्यातील माहिती तपासतो आणि भाषेचा जाणकार त्यातील व्याकरण. संज्ञा आणि तिने दर्शविलेली वस्तू यांचे नाते या दोहोंच्या मधल्या जागेत पडते, आणि म्हणून ते तपासल्याविनाच राहते. भूगर्भातील उष्णतेविषयी मराठीत जे लिहिले जाते त्यात या उपेक्षेचे परिणाम ठळकपणे दिसतात. केंद्र शासनाने सप्टेंबर २०२५ मध्ये या ऊर्जेविषयीचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले. वीजनिर्मितीबरोबरच शेती, मत्स्यपालन, इमारतींचे शीतन आणि इंग्रजीत ज्यास 'डिस्ट्रिक्ट हीटिंग' म्हणतात ते, असे उपयोग त्यात निर्दिष्ट आहेत. लडाखच्या वाचकास व कोल्हापूरच्या वाचकास यादी एकच मिळते. ती मराठीत उतरताना संज्ञांचे काय होते, आणि संज्ञांबरोबर वाचकाच्या समजुतीचे काय होते, हे पाहावयाचे झाल्यास एखादे प्रत्यक्ष गाव डोळ्यांसमोर ठेवणे सोयीचे. कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळचे, १९४८ पर्यंत पटवर्धनांच्या संस्थानाची राजधानी असलेले आणि आज शिरोळ तालुक्यात मोडणारे कुरुंदवाड या कामी योग्य ठरेल. कारण या यादीतील शब्द तेथे नेऊन ठेवले की त्यांतील कोणता उभा राहतो आणि कोणता कोसळतो हे तत्काळ कळते.

प्रथम कोसळतो तो 'डिस्ट्रिक्ट'. कोश उघडून शब्दास शब्द ठेवला तर 'जिल्हा तापन' अशी संज्ञा हाती येते आणि वाचकाच्या मनात जिल्हाधिकारी, जिल्हा परिषद व साऱ्या कोल्हापूर जिल्ह्यास ऊब पुरविणारी एखादी प्रचंड भट्टी उभी राहते. मूळ कल्पना याहून पुष्कळ लहान आहे. शहराच्या एका भागासाठी एकच उष्णताकेंद्र असावे आणि तेथून जमिनीखालील नळांनी ऊन पाणी घरोघर फिरवून परत आणावे, एवढेच तिचे स्वरूप. येथे 'डिस्ट्रिक्ट' म्हणजे मराठीतील पेठ. फार तर वस्ती. 'जिल्हा' हा अरबी शब्द आपल्याकडे महसुली व्यवस्थेबरोबर रुजला व त्याचा अर्थ त्याच व्यवस्थेने कायमचा बांधून टाकला. त्यास पेठेचा अर्थ आता चिकटणे नाही. गंमत अशी की, नळाने पाणी पुरविण्याच्या योजनेस मराठीने 'नळपाणी योजना' हे सुटसुटीत नाव पूर्वीच दिलेले आहे. 'ऊनपाणी योजना' म्हटल्यास कुरुंदवाडच्या कोणत्याही नागरिकास अर्धी कल्पना विनासायास कळेल. परंतु तत्सम शब्दाविना शास्त्र शोभत नाही ही समजूत परिभाषाकारांच्या मनात खोल रुतलेली आहे.

'हीटिंग'ची अडचण निराळी आहे. थंड देशांत घराची जी गरज या शब्दाने सांगितली जाते तीस मराठीत 'ऊब' म्हणतात. 'तापणे' हे क्रियापद लोखंड, तवा, रस्ता आणि माणसाचे डोके यांच्यासाठी राखीव. घर तापते ही कुरुंदवाडकरांची मे महिन्यातील तक्रार होय, मागणी नव्हे. डिसेंबर-जानेवारीत तेथील पहाटेचे तापमान पंधरा अंशांच्या आसपास येते आणि दहा वाजेपर्यंत ऊन अंगावर आले की गरज संपते. जेथे वर्षातील सहा-सात महिने नळांतून ऊब वाहावी लागते तेथेच इतक्या खर्चाची योजना परवडते. धोरणातील हा उपयोग पूगा, चुमाथांग, मणिकरण अशा हिमालयीन स्थळांसाठी अर्थपूर्ण आहे. मराठी लेखात तो जसाच्या तसा उतरविणाऱ्याने शब्दाचे भाषांतर केले, स्थळाचे केले नाही.

आता मुख्य संज्ञेकडे वळावे. 'जिओथर्मल'साठी मराठीत 'भूऔष्णिक' रूढ होत आहे व हिंदीच्या प्रभावाने 'भूतापीय'ही कानी येतो. 'भूऔष्णिक'मध्ये संधी केलेला नाही याबद्दल पंडितांनी नाक मुरडण्याचे कारण नाही. 'भ्वौष्णिक' म्हणणे कोणाच्याही जिभेवर अन्याय करणारे झाले असते. दोष आहे तो अर्थाच्या बाजूने. 'औष्णिक' हे विशेषण मराठीत गेली अनेक दशके एकाच नामाशी जोडले गेले आहे, ते म्हणजे विद्युत केंद्र. कोराडी, चंद्रपूर, परळी ही नावे त्यामागोमाग येतात आणि त्यांच्यामागे कोळसा, राख व धुराडे. विशेषण जेव्हा एकाच संगतीत दीर्घकाळ राहते तेव्हा ती संगत त्याच्या अर्थाचा भाग होऊन बसते. म्हणून 'भूऔष्णिक प्रकल्प' हे शब्द ऐकताच ग्रामसभेत राखेविषयी प्रश्न निघाला तर तो अज्ञानातून निघाला असे म्हणता येणार नाही. तो भाषेतूनच निघालेला असेल.

'भूतापीय' याहून दुबळा आहे. हिंदीत 'ताप' म्हणजे उष्णता. मराठीत तो अंगात येतो, डोक्याला होतो, आणि 'तापमान' या एका शब्दाखेरीज उष्णतेशी त्याचा संबंध रोजच्या बोलण्यात जवळजवळ उरलेला नाही. शिवाय मधली रेघ गाळून हा शब्द छापला की वाचकाची नजर त्यात प्रथम 'भूत' पाहते. ही थट्टा नव्हे. जी संज्ञा पहिल्या वाचनात चुकीच्या ठिकाणी तुटते ती व्यवहारात टिकत नाही, हे परिभाषेच्या इतिहासात वारंवार दिसून आलेले आहे.

या दोन्ही संज्ञा घडविताना मराठीच्या स्वतःच्या ठेव्याकडे कोणी पाहिले नाही, ही खरी खेदाची गोष्ट. संस्कृत 'उष्ण' प्राकृतात 'उण्ह' झाला. 'ष्ण'चे 'ण्ह' होणे हा नियमच आहे : कृष्णचा कण्ह व पुढे कान्हा, तृष्णेची तण्हा व पुढे तहान. त्याच वाटेने 'उण्ह'चे मराठीत 'ऊन' व सामान्यरूपात 'उन्ह' झाले. सूर्याचा प्रकाश या अर्थी ते नाम आहे आणि कढत नव्हे पण चांगले गरम या अर्थी विशेषण. ऊन भात, ऊन पाणी. याच उन्हापासून मोल्सवर्थच्या कोशात नोंदलेला 'उन्हाळें' हा शब्द आला आहे. त्याचा अर्थ गरम पाण्याचा झरा. म्हणजे 'हॉट स्प्रिंग'साठी मराठीजवळ एक स्वतंत्र, एकपदी, नियमसिद्ध शब्द होता आणि तरीही भाषांतरकारांनी 'उष्णोदकाचा झरा', 'गरम पाण्याचे कुंड' अशी लांबलचक पदे रचली.

हा शब्द कोशात निपचित पडला असला तरी नकाशावर जिवंत आहे. राजापूरजवळ उन्हाळे, दापोली-खेडकडे उन्हवरे, पालीजवळ उन्हेरे. सह्याद्री ओलांडून खानदेशात चोपडा तालुक्यात उनपदेव आणि त्याच्या जोडीचे सुनपदेव. यातील दुसरे नाव जोडशब्दाच्या धाटणीने बनलेले दिसते. किनवट तालुक्यात उनकेश्वर. महाराष्ट्राबाहेर वांसद्याकडे गुजरातेत उनाई. या साऱ्या ठिकाणी गरम पाणी आहे. नावाच्या उत्तरार्धाविषयी अनुमाने पुष्कळ करता येतात, पूर्वार्ध मात्र निर्विवाद आहे. अर्थात 'उन' दिसला की झरा शोधावयास निघणे धोक्याचे. संस्कृतात 'ऊन' म्हणजे उणे, आणि मध्य प्रदेशातील मंदिरांसाठी प्रसिद्ध असलेल्या ऊन या गावाच्या नावाची कथा शंभराला एक मंदिर उणे पडल्याचीच आहे. स्थलनामांस इतिहासाचे साधन मानणाऱ्या राजवाड्यांच्या परंपरेतील अभ्यासकाने ही दोन 'ऊन' वेगळी ठेवली पाहिजेत. द्राविड भाषांतही हीच रीत आढळते : दक्षिण कन्नड जिल्ह्यात पुत्तूरजवळ गरम पाण्याचे बेंद्रतीर्थ आहे, आणि तुळूत 'बेंद्र' म्हणजे ऊन पाणीच.

ही नामे केवळ कुतूहलाची नाहीत. युरोपात पेठेस नळाने ऊब पुरविण्याची प्रथा जेथे सर्वांत जुनी मानली जाते त्या फ्रान्समधील गावाचे नाव शोद-एग. अर्थ, ऊन पाणी. तेथे चौदाव्या शतकापासून झऱ्याचे पाणी लाकडी नळांनी घरांत खेळविले जाई. आइसलंडची राजधानी रेक्याविक हिच्या नावाचा अर्थ धुराची खाडी. तो धूर म्हणजे झऱ्यांची वाफ. तेथे कपडे धुण्याच्या उष्ण कुंडांपासून सुमारे तीन किलोमीटर नळ टाकून १९३० मध्ये शाळा व काही घरे प्रथम उबदार करण्यात आली. जॉर्जियाच्या तिबिलिसीच्या नावातही 'ऊन' हाच अर्थ आहे. उष्णता जेथे आपण होऊन वर आली तेथे लोकांनी ती प्रथम नावात नोंदविली, मग वापरली. यंत्रे फार उशिरा आली. कोकणातील नामावळी याच जातीची आहे; मात्र तिचा पुढचा टप्पा स्नान व तीर्थ यांवर येऊन थांबला.

या झऱ्यांविषयीच्या मराठी लेखनात दोन चुका पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. वज्रेश्वरी-गणेशपुरी-अकलोलीच्या कुंडांस 'गंधकाचे झरे' म्हणण्याचा प्रघात आहे. काही ठिकाणी वास येतो हे खरे, परंतु कोकणपट्टीतील बहुतेक झऱ्यांच्या पाण्यात प्रमुख असतात ते क्लोराइडवर्गीय क्षार. गंधक हे नाव आले की त्यामागून ज्वालामुखी येतो. वस्तुस्थिती अशी की, दख्खनच्या लाव्ह्याचे थर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे आहेत व ते कधीच निवले आहेत. पावसाचेच पाणी भेगांवाटे खोल उतरते, तेथील सर्वसाधारण भूउष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगेवाटे वर येते. कोकणात अशा भेगा भरपूर आहेत, घाटमाथ्यावर नाहीत. उन्हाची नावे कोकणात दाट का, याचे उत्तर हेच. दुसरी चूक राजापूरची. तेथील गंगा अधूनमधून अवतरते व काही काळाने लुप्त होते. तिचा उष्णतेशी संबंध नाही. जवळच्या उन्हाळ्याचे पाणी मात्र गरम आहे आणि ते सदैव वाहते. एकाच सहलीत दोन्ही पाहणाऱ्या लेखकांनी दोहोंचे एकच वर्णन केले आहे. या बाबतीत रत्नागिरीचे १८८०, ठाण्याचे १८८२ व कुलाब्याचे १८८३ या इंग्रजी गॅझेटियरांतील नोंदी आजच्या कित्येक मराठी लेखांहून अधिक नेमक्या आहेत, हे नमूद करणे भाग आहे.

तिसरा दोष आकड्यांचा, आणि तोही अखेर शब्दाचाच. केंद्र शासनाने १९६६ मध्ये उष्ण झऱ्यांविषयी समिती नेमली. पुढे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १९९१ च्या नकाशासंग्रहात सुमारे ३४० झरे नोंदविले. आज ही संख्या ३८१ सांगितली जाते. याच परंपरेतून १०,६०० मेगावॅट हा आकडा आला व प्रत्येक लेखात तो 'भारताची क्षमता' म्हणून येतो. मराठीत 'क्षमता' म्हणजे अंगात असलेले बळ. कोयनेची क्षमता अमुक मेगावॅट म्हटले की तेवढी यंत्रे तेथे बसलेली असतात. येथे अभिप्रेत आहे तो केवळ अंदाज. जमिनीखालची उष्णता, काढता येण्याजोगी उष्णता आणि परवडेल अशा खर्चात काढता येण्याजोगी उष्णता या तीन वेगळ्या गोष्टी असून तिघींस एकच शब्द वापरला जातो. व्यापारी प्रमाणावर भूऔष्णिक वीज २०२५ पर्यंत भारतात तयार झालेली नव्हती, हे वाक्य त्या आकड्याशेजारी ठेवले असते तर 'क्षमता' हा शब्द आपोआप गळाला असता. निराळा शब्द शोधण्याची आवश्यकताही नव्हती. 'अंदाज' पुरेसा होता.

पुन्हा कुरुंदवाडकडे यावे. 'उन्ह' असलेले नाव त्या परिसरात नाही. कुरुंद हा एक अतिकठीण दगड होय. या भारतीय शब्दावरूनच इंग्रजीत 'कोरंडम' आला, आणि भूशास्त्राची परिभाषा नेहमीच पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहत आली असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. तथापि गावाच्या नावाशी या दगडाची सांगड घालण्याचा मोह टाळलेला बरा. जमिनीच्या रचनेविषयी अधिक खात्रीने बोलता येते. वर नदीची काळी माती, तिच्याखाली लाव्ह्याचे थर. ते पठाराच्या दक्षिण कडेकडे पातळ होत जातात. त्याखाली भारतीय ढालीचे अतिप्राचीन कठीण खडक. कोयना परिसरात गोठणे येथे तीन हजार मीटर खोल विवर घेण्यात आले तेव्हा लाव्हा सव्वा किलोमीटरच्या आसपास संपला व पुढे ग्रॅनाइटी खडक लागला. किल्लारीस तो ३३८ मीटरांतच संपला होता. अशा खडकांत खोलीबरोबर तापमान दर किलोमीटरला साधारण १५ ते २५ अंश वाढते. म्हणजे दोन किलोमीटर खाली ५५ ते ७५ अंश. उन्हवऱ्यास सुमारे ७० अंशांचे पाणी निसर्ग विनामूल्य वर आणून देतो.

परंतु केवळ तापमानावर हिशेब संपत नाही, आणि 'उष्णता' व 'तापमान' हे दोन शब्द पर्यायी म्हणून वापरणाऱ्या लेखकांची फसगत येथेच होते. दर सेकंदाला २० लिटर पाणी मिळाले व त्यातून ३० अंश काढून घेतले तर सुमारे अडीच मेगावॅट उष्णता मिळते. पाणी एक लिटर असेल तर तापमान तेच राहूनही उष्णता विसाव्या हिश्शावर येते. पॅरिसजवळ मलं येथे १९६९ पासून जी योजना चालते तिच्यामागे दीड-दोन किलोमीटर खोलीचा पाणीदार चुनखडक आहे. एका विहिरीने पाणी उपसावे, दुसरीने परत सोडावे, अशी ती जोडविहीर. म्यूनिकखालीही असाच चुनखडक आहे. कुरुंदवाडखाली तो नाही. खडकाच्या जातीने कुरुंदवाडला जवळचे उदाहरण फिनलंडमधील एस्पोचे : ६.४ किलोमीटर खोल विवरे घेतली, उष्णता भेटली, पण ग्रॅनाइटी खडकातून पुरेसे पाणी फिरेना आणि प्रकल्प व्यापारी वापरापर्यंत पोहोचला नाही. ज्या देशात ऊब ही रोजची निकड आहे तेथे हे झाले.

खडक फोडून पाण्यास वाट करून देण्याचा उपाय आहे, आणि त्याच्या वर्णनात मराठी लेखन सर्वांत निष्काळजी होते. स्वित्झर्लंडमधील बाझल येथे डिसेंबर २००६ मध्ये अशाच कामातून ३.४ तीव्रतेचा धक्का बसला व काम थांबले. दक्षिण कोरियातील पोहांग येथे १५ नोव्हेंबर २०१७ रोजी ५.४ तीव्रतेचा भूकंप झाला आणि तेथील शासकीय चौकशीने त्याचा संबंध विवरात सोडलेल्या पाण्याशी जोडला. शास्त्रज्ञ येथे दोन गोष्टी वेगळ्या करतात : माणसाच्या कृतीने निर्माण झालेला ताण मोकळा होणे, आणि खडकात आधीच भरलेला ताण माणसाच्या कृतीने अकाली सुटणे. मराठीत दोन्हींस सर्रास 'प्रेरित' म्हणतात. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाची आठवण ज्या प्रदेशात घराघरात आहे तेथे हा भेद शब्दांत उतरणे ही पांडित्याची हौस नाही. पहिल्यास 'निर्मित' आणि दुसऱ्यास 'चाळविलेला' म्हटले तर कुरुंदवाडच्या शेतकऱ्यास तो भेद समजावून सांगावा लागणार नाही. झोपलेल्या जनावरास चाळवू नये हे तो जाणतो.

कुरुंदवाडच्या पंचक्रोशीत उष्णतेची गरज नाही असे मात्र नव्हे. मराठीत उष्णतेच्या पायऱ्या आहेत : कोमट, ऊन, कढत, आधण, उकळी. या पायऱ्या लावून पाहिल्या की उद्योगांची प्रतवारी आपोआप होते. गुऱ्हाळातील काहिलीत पाक ११८ अंशांच्या आसपास न्यावा लागतो. त्यास चुलवाणाचा जाळच हवा आणि चिपाडे तेथेच पडलेली असतात. हळद शिजविणे व बासुंदी आटविणे ही उकळीची कामे. साखर कारखान्यांत तर चिपाडांवर वाफ व वीज दोन्ही तयार होतात. युरोपातील पेठांना ऊब पुरविणारी कितीतरी केंद्रे याच तत्त्वावर चालतात, ही गोष्ट कारखान्यांविषयीच्या मराठी लेखनात क्वचितच येते. राहता राहिली 'ऊन' व 'कढत' या पायऱ्यांची कामे : बेदाणा वाळविणे, इचलकरंजीच्या कापड प्रक्रियेतील धुलाई, आणि आंघोळीचे पाणी. खोल विवरातील ५५ ते ७५ अंश येथेच उपयोगी पडतील, पण वीटभट्टीएवढ्या खर्चात नव्हे. छपरावरचे सौर बंब तेच काम आज करीत आहेत. 'बंब' हा पोर्तुगीज शब्द तांब्याच्या भांड्यावरून काचेच्या नळ्यांवर इतक्या सहज गेला की त्यासाठी परिभाषा समितीची गरज पडली नाही. कढत पाण्यात गार पाणी घालून ते सोसवेल असे करणे यासाठी घरोघर 'विसण' हा शब्द आहे. नळांतून फिरून आलेले निवालेले पाणी ताज्या गरम पाण्यात मिसळण्याची जी क्रिया अशा योजनांत सतत चालते तिच्यासाठी इंग्रजीतही इतका नेमका शब्द नाही.

धोरणातील यादीपैकी कुरुंदवाडास खरोखर लागू पडणारा उपयोग उलट्या दिशेचा आहे, आणि मराठी लेखनात नेमकी त्याचीच उपेक्षा झाली आहे. जमिनीखाली काही मीटरांवर तापमान वर्षभर जवळजवळ स्थिर राहते. विहिरीचे पाणी हिवाळ्यात ऊन व उन्हाळ्यात गार लागते हा सर्वांचा अनुभव त्याचाच परिणाम. या स्थिर तापमानाशी देवघेव करून इमारती थंड ठेवणाऱ्या यंत्रास 'उष्णता पंप' म्हणतात. नावात उष्णता आहे म्हणून वाचक त्यास तापविणारे यंत्र समजतो. 'भूशीतन' किंवा याहून साधा शब्द योजला असता तर रुग्णालय, शीतगृह, दूधसंकलन केंद्र ही स्थळे लेखकाच्या लगेच ध्यानात आली असती. संगमाकाठची ओली जमीन कोरड्या माळापेक्षा अशा देवघेवीस अधिक अनुकूल असते. यंत्र मात्र २००५, २०१९ व २०२१ च्या महापुरांच्या खुणांहून वर बसवावे लागेल, आणि कुरुंदवाडात त्या खुणा अनेक घरांच्या भिंतींवर पुरुषभर उंचीहून वर आहेत.